मामाजींची भेग

माझी मुलगी दिव्यानी चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिमेंटवर संशोधन करते, असं मी कोणाला सांगितलं की समोरची बाई आधी "वा, छान" म्हणते आणि मग हळूच विचारते, "पण सिमेंटात शोधाचं काय असते?" मलाही आधी तेच वाटायचं. सिमेंट म्हणजे पोतं. फोडा, रेतीत मिसळा, पाणी टाका आणि थापा. आमच्या कुरखेड्याकडच्या गावांत एवढी घरकुलं उभी राहिली, ती काय कोणी संशोधन करून उभी केली? पण पोटची पोर दोन वर्षं ज्याच्या मागं लागली आहे ते आईनं समजून घ्यावंच लागतं, नाहीतर सुट्टीत घरी येऊन ती बोलणार कोणाशी?

तर मला समजलं ते असं. पॉलिमरची एक पांढरी भुकटी असते, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी. लहान लेकरांच्या डायपरमध्ये असते तीच जात. पाणी लागलं की ती पिऊन फुगते. ही भुकटी अगदी चिमूटचिमूट सिमेंटमध्ये मिसळायची. भिंत ओली असताना ती पोटभर पाणी पिऊन घेते आणि पुढं उन्हात भिंत सुकायला लागली की आतल्या आत सिमेंटला पाजत राहते. आणि कधी भिंतीला बारीक भेग पडलीच, तर भेगेत शिरलेलं पाणी पिऊन पुन्हा फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. मग सावकाश तिथं चुन्यासारखी पांढरी रेघ जमते. म्हणजे भिंत आपली जखम आपणच भरते.

"एवढं खरं असेल तं थोडी तुह्या बापाच्या टाचेले लाव," मी म्हटलं. ती हसली नाही. संशोधन करणारी माणसं आपल्या विषयावर हसत नाहीत, हेही मला तेव्हाच समजलं.

प्रयोगशाळेत तिच्या ठोकळ्यांनी भेगा बुजवून दाखवल्या होत्या. पण तिच्या सरांचं म्हणणं असं, की ठोकळा म्हणजे भिंत नव्हे. बाहेर, उन्हातान्हात, खरोखर पाणी धरून ठेवणाऱ्या भिंतीत भेग बुजली पाहिजे आणि ती आपोआप बुजली पाहिजे. तसं झालं तर तिचं काम पुढं जाणार. नाही झालं तर दोन वर्षं गुंडाळून ठेवायची आणि नवा विषय घ्यायचा. आमच्याकडं ऊन फुकट आणि भेगा तर त्याहून फुकट, म्हणून तिनं टाकी आमच्याच शेतात बांधायची ठरवली. पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, बोअरचं पाणी साठवून द्यायला तशीही टाकी हवीच होती.

टाकी बांधली कुरखेड्याच्या नवाबभाई मिस्त्रींनी. आमच्या भागात कोणाचा स्लॅब गळला नाही म्हणजे तो नवाबभाईंचा, असं समजून चालायचं. भुकटीची पिशवी बघून त्यांनी टोपी मागं सरकवली.

"बेटी, उमर गेली माही मसाल्यात. सिमेंटाले डायपर घालाचं काम आजच पाहून राह्यलो."

सिमेंट-रेतीचा मसाला कालवला तर तो कोरडा दिसायला लागला. नवाबभाईंचा हात सवयीनं पाण्याच्या डब्याकडं गेला, तर दिव्यानीनं डबाच उचलून घेतला.

"कोरडा दिसून राह्यला ना!"

"दिसू द्या चाचा. पाणी आत हाय, भुकटीनं धरून ठेवलं. वरून टाकलं तं भिंत कच्ची होईन."

नवाबभाईंनी थापीनं मसाला दोनदा उलथापालथा केला, बोटांत धरून बघितला आणि काही न बोलता कामाला लागले. नवाबभाई बोलले नाहीत म्हणजे काम बरं चाललं आहे असं धरायचं. लोखंडी जाळीवर थर चढवत चढवत त्यांनी अशी टाकी उभी केली की आमच्या घरापेक्षा तीच देखणी दिसायला लागली.

आता मामाजींबद्दल सांगते. लटारूभाऊ, माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी गावतलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पाणी सोडायचं, तलावाचं तोंड कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे सगळं त्यांच्या हातात. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, अनवाणी चालत जायचे आणि तळव्याला ओल लागली की तिथंच बसून खेकड्याचं बीळ शोधायचे. चिखल, गवत, मुरूम, हाताला लागेल ते कोंबून बीळ बंद केल्याशिवाय घरी जेवायला यायचे नाहीत. गळती बघून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नाही. आमच्या घरचा माठ झिरपतो तोही त्यांना बघवत नाही; माठ झिरपलाच पाहिजे, त्यानंच पाणी गार होतं, हे मी त्यांना सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. अलीकडं त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण कबूल करत नाहीत.

टाकीत पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी नारळ फोडला. गावातल्या बाया जमल्या. शेजारच्या बुधरीनं विचारलं, "दिव्या, टाकीत काय खास टाकलीस ते सांग तं खरं."

पोरगी उभी राहिली आणि आपल्या बोलीत छान बोलली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "मावशी, या भिंतीले भेग पडली, आन् भेगेत पाणी गेलं, का जेल होते. आपोआप होते. कोणाले सांगा लागत नाई, कोणाले बोलवा लागत नाई."

बायांनी माना डोलावल्या. समजलं कोणालाच नव्हतं, पण खोबरं वाटायला सुरुवात झाली होती. मामाजी मागं मोहाच्या झाडाखाली उभे होते. त्यांनी खोबरं घेतलं नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

जाताना दिव्यानी त्यांना म्हणाली, "आबाजी, टाकीवर तुमचं ध्यान असू द्या. भेग दिसली का मले लगेच फोन करा." मामाजींनी असं तोंड केलं की जणू पोरगी सासरीच निघाली आहे.

चैत्राचं ऊन तापलं, मोहफुलं पडायला लागली आणि आम्ही बाया पहाटेपासून वेचायला जायला लागलो. अशाच एका सकाळी टोपली घेऊन परतताना मला टाकीच्या कोपऱ्याजवळ भेग दिसली. केसासारखी, वरून खाली आलेली, आणि तिच्या कडेनं भिंत जराशी ओलसर. मामाजींनी फोन केला नव्हता, म्हणून मी केला.

"पडली? आई, खरंच पडली?" तिकडं पोरगी नाचायचीच बाकी होती. भिंतीला भेग पडल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. मामाजी जवळच उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनते?"

"हासून राह्यली."

"लेकराले काईच समजत नाई," ते म्हणाले आणि शेताकडं निघून गेले.

त्यानंतर दर रविवारी दिव्यानी एसटीच्या लाल गाडीनं यायची, मोबाईलला भिंग लावून भेगेचे फोटो काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पहिल्या रविवारी खुशीत होती. दुसऱ्या रविवारी जेवताना बोलली नाही. तिसऱ्या रविवारी भिंतीपुढं उकिडवी बसून राहिली. भेग होती तेवढीच होती. पांढरी रेघ नाही, काही नाही. आणि मुख्य म्हणजे कोरडी ठणठणीत. टाकी काठोकाठ भरलेली, भेग डोळ्यांना दिसते आहे, आणि बाहेर पाण्याचा एक थेंब नाही. ओल न लागता भुकटी फुगणार कशी? कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण संशय आला की म्हणतो. इथं ते नेमकं मुरतच नव्हतं.

"सर पुढच्या महिन्यात पाहाले येऊन राह्यले," ती म्हणाली. "त्याईले काय दाखवू मी? अशी भेग तं साध्या सिमेंटातबी राहते."

मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. पोरगी गणितात कमी पडली असती तर शिकवणी लावली असती. इथं भिंतीला कोण शिकवणार?

मामाजीही त्या दिवसांत उतरले होते. अर्धी भाकर खाऊन उठायचे. दिवसभर टाकीपाशी. त्यांच्या हातांना राळेचा वास यायचा, धुपाटण्यासारखा. आणि माझ्या घरातलं मोहाच्या बियांचं तेल भराभर संपत होतं. मी विचारलं तर म्हणाले, गुडघ्याले लावतो. मी चिडले. म्हटलं, गुडघ्याला लावता की गुडघे तळता?

शेवटी दिव्यानीनं ठरवलं. "सुट्टी घेतली मी. उद्या टाकी खाली करतो आन् आतून पाहतो काय झालं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालची तोटी उघडायला वाकली, तर मामाजी येऊन तोटीपुढं उभे राहिले.

"खाली करू नको."

"काऊन आबाजी?"

"नको करू म्हनलो ना."

"पण आतून पाह्यल्याशिवाय समजनार कसं?"

मामाजींनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "आतून काई दिसनार नाई तुले. पाणी उतरवून आतून मी राळ भरली. राळ आन् तेल खलून, बोटानं दाबून भरली, वरून चिखल चोपडला. एक थेंब जाऊ देल्लो नाई."

दिव्यानी तशीच वाकलेली राहिली. "कायले पण?"

"कायले म्हनजे? तूच तं म्हनलीस. साऱ्या गावापुढं म्हनलीस. भेगेत पाणी गेलं का जेल होते."

मला आधी काही कळेना, आणि मग एकदम कळलं, आणि मी हसले. इतकी हसले की टोपलीवर टेकावं लागलं. पण मामाजी तोटीपुढून हलले नाहीत, आणि हसू तिथंच थांबलं.

ते बोलतच होते. "सरकारी कॉलेजचं सिमेंट. तुह्या नावानं टाकी. आता मोठे लोक तपासाले येऊन राह्यले. मी म्हनलो, भेग पडली ते पडली, तिच्यात पाणीच जाऊ देत नाई. पाणी गेलंच नाई तं जेल काऊन होईन? आन् एवढं करून झालीच असती तं सांगनार होतो, का बुढ्याच्या ताब्यात होती टाकी, बुढ्याले न्या. मले काय, दोन टाइम भात तिथीबी भेटते."

यात वेडेपणा काही नव्हता. मामाजी तरुण असताना एकदा पाळ फुटली होती, आणि त्यांच्या थोरल्या भावाला गावकऱ्यांनी तलावापाशी दिवसभर उन्हात बसवून ठेवलं होतं, जसं काही त्यानंच फोडली. पाणी गेलं की कोणाच्या तरी मानेवर बसतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. तीन आठवडे हा माणूस एकट्यानं नातीची तुरुंगवारी बोटानं दाबून धरत होता. आणि मी त्यांना तेलाचा हिशेब विचारत होते.

दिव्यानीनं त्यांना मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, कमरेला. मग डोळे पुसून घरात गेली, भुकटीची पिशवी आणली, चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली आणि लोट्यातलं पाणी ओतलं. भुकटी बघता बघता फुगली. तळहातावर काचेसारखा लिबलिबीत गोळा थरथरायला लागला.

"याले जेल म्हणतात, आबाजी."

मामाजींनी अंगठ्यानं गोळा दाबून बघितला. वास घेतला. पुन्हा दाबला. "हे जेल?"

"हेच. हे भेगेत होते. म्हनून भेग बुजते."

"मंग नाव बदलव ना बाप्पा याचं!" मामाजी असे ओरडले की मोहावरचे पोपट उडाले. "असं कोनी नाव ठेवते काय!"

मग दोघांनी मिळून टाकी रिकामी केली आणि राळ खरवडून काढली. राळ इतकी पक्की बसली होती की दिव्यानी खरवडताना मधूनमधून कौतुकानं थांबायची. टाकी पुन्हा भरली. भेगेच्या तोंडाशी आधी ओल आली, मग थेंब, मग बारीक धार भिंतीवरून खाली उतरायला लागली. मामाजींचा हात आपोआप पुढं गेला.

"वाहू द्या, आबाजी."

"वाहू देऊ?"

"हो. भुकटीलेच तं प्यायचं हाय."

गळती वाहू दे म्हणणारं माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तेही स्वतःच्या घरात. ते पाठ फिरवून बसले. पण धार खरंच बारीक होत गेली. एका सकाळी नुसती ओल उरली, आणि पुढं तीही गेली. सर यायच्या आधी भेगेवर पांढरी रेघ उमटली होती, बाईच्या भांगात राख भरावी तशी. दिव्यानी त्या रेघेचे इतके फोटो काढले की तेवढे तर तिच्या बारशाचेही नाहीत.

मला वाटलं, सुटलो. पण सर यायच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, उद्या सरांना राळेचं सांगा लागन."

"कायले? बुजली ना भेग? मंग चूप बस."

"कोनी बुजवली ते मले मालूम नाई. राळ आत उरली असन. भुकटीनं बुजवली का आबाजीनं, कसं सांगू?"

मी रागावले. खूप रागावले. म्हटलं, सगळ्या जगाला खरं सांगायचा मक्ता आपल्याच घरानं घेतला आहे का? दोन वर्षं मेहनत केलीस, पांढरी रेघ समोर दिसते आहे, सर बघतील, शाबास म्हणतील, आणि तू स्वतःच्या हातानं त्यावर बोळा फिरवणार? ती शेंगा मोडत राहिली. ही पोरगी माझ्यासारखी भांडत नाही, गप्प बसते. तेच जास्त चिडवतं. अगदी आजोबांवर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. शांत माणूस. नवाबभाईही मुद्दाम आले होते, आपलं काम कोणी बघणार म्हणून स्वच्छ कपडे घालून. सरांनी रेघ बघितली, भिंगातून बघितली, हसले. आणि दिव्यानीनं सांगितलं. राळ, तेल, जेल, सगळं. मामाजी शेजारी खाली मान घालून उभे होते. सर जेलच्या गोष्टीवर मनापासून हसले, मामाजींना राळ कशी खलायची ते विचारलं, आणि मग गंभीर झाले.

"दिव्यानी, ही भेग आपल्याला धरता येणार नाही."

"मला माहीत आहे, सर."

"दुसरी हवी. स्वच्छ. कोणाचा हात न लागलेली. टाकीची समोरची भिंत कोरी आहे ना? तिला आजच भेग पाडू आपण. ती बुजली तर काम झालं. नाही बुजली तर तसं लिहू."

पुन्हा पहिल्यापासून. पोरीचा चेहरा उतरला, पण तिनं मान हलवली. सरांनी खडूनं भिंतीवर फुली मारली आणि नवाबभाईंकडं बघितलं. नवाबभाईंच्या गाडीत घण होता. त्यांनी तो आणून दिला, पण मारायला तयार होईनात.

"माफ करा सर. मी बांधलेल्या भिंतीवर मी घण नाई उचलनार. हात उठत नाई."

दिव्यानीनं घण उचलला. भिंतीपुढं उभी राहिली. तिची अख्खी दोन वर्षं त्या भिंतीत होती आणि ती भिंत तिलाच फोडायची होती. घण तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला.

तेव्हा मामाजी पुढं झाले आणि त्यांनी तिच्या हातातून घण काढून घेतला.

"आण इकडे. माह्यानं बिघडलं, मीच करतो."

त्यांनी आधी डावा तळहात भिंतीला लावला, बैलाला दामटण्याआधी लावतात तसा. मग घण मारला. काही झालं नाही. पुन्हा मारला, जरा जोरात. आत जाळी असल्यामुळं भिंत फुटली नाही, पण फुलीतून एक बारीक रेघ खाली धावली. रेघेच्या टोकाशी पाणी चमकलं. मामाजींनी घण खाली ठेवला, दोन पावलं मागं सरले आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. पाळीवरच्या खेकड्यालाही न सोडणाऱ्या माणसानं भरल्या टाकीला भेग पाडली होती.

कॉलेजात परीक्षा होत्या, त्यामुळं दिव्यानीला सरांबरोबर परत जावंच लागलं. जाताना सर म्हणाले, "भेगेला कोणी हात लावायचा नाही, एवढंच बघा." माझ्याकडं बघून म्हणाले, पण सगळ्यांना माहीत होतं कोणासाठी म्हणाले.

मामाजी टाकीसमोर सावलीत जाऊन बसले ते बसलेच. मी दुपारी पेज घेऊन गेले तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. भिंतीवरून पाणी वाहत होतं, खाली मातीत बारीकसा ओहोळ झाला होता.

"मामाजी, घरी चला. इथं बसून जीव कायले जाळता?"

"इथीच बरा हाय. घरी गेलो तं झोपेतबी हात येईन इकडे."

संध्याकाळी बुधरी शेळ्या घेऊन चालली होती. थांबली. "अवं लटारूभाऊ, टाकी गळून राह्यली आन् तुमी पाहत बसले?"

"गळू दे."

बुधरीनं मला विचारलं, बुढ्याची तब्येत बरी आहे ना. दुसऱ्या दिवशी गावातली अर्धी माणसं काही ना काही निमित्त काढून आमच्या शेतावरून गेली. लटारू पाणकर गळती बघत स्वस्थ बसला आहे, हे बघायला. कोणी सिमेंट लावा म्हणालं, कोणी डांबर. एकजण तर मुठीत चिखल घेऊनच आला होता. मामाजींनी त्याला काठी दाखवली.

मला मनातून भीती वाटत होती. नाही बुजली तर? पोरगी खरं बोलली, बरोबरच बोलली, हे मला आतापर्यंत पटलं होतं; पण खऱ्याचं चांगलंच होतं असं कुठं लिहिलं आहे? मी मोहफुलं वाळवायचे, उलटायचे, आणि कान टाकीकडं. मामाजी सकाळी जायचे, अंधार पडायच्या आत यायचे, आणि मी विचारायच्या आधीच मान हलवायचे.

मग एका सकाळी मी चुलीपाशी असताना ते लगबगीनं आले. चप्पल न काढता थेट आत. "फोन लाव दिव्याले."

"काय झालं?"

"आधी लाव."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी धरला. तिकडून पोरगी "हॅलो, हॅलो" म्हणत होती. मामाजींनी घसा साफ केला.

"माय, पाणी थांबलं. पांढरं दिसून राह्यलं, केसावानी." मग जरा थांबून म्हणाले, "मी हात नाई लावलो."

तिकडं पोरगी रडायला लागली. मामाजी घाबरले. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि तिची समजूत घालायला लागले, "खरंच नाई लावलो, माय. देवाची आन. येवढ्या दिवसात एकदाबी नाई. विचार तुह्या मायले."

मी फोन घेतला आणि सांगितलं, खरंच नाही लावला.